पाया खणण्यापूर्वी

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



नवीन प्रकल्पात पैसा घालण्यापूर्वी त्याची निवड कशी करावी आणि त्याची पारख कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. शाळेच्या व्यासपीठावर तो काहींना परका वाटण्याचा संभव आहे. हा विषय बँकेच्या अधिकाऱ्यांचा, फार तर सनदी लेखापालांचा, असा समज आहे. परंतु या सभागृहात बसलेल्या कुटुंबांकडे पाहिले, तर तो प्रत्येक घरातील विषय असल्याचे दिसून येईल. महाराष्ट्र सोडून दूरच्या शहरात नोकरीसाठी आलेली ही कुटुंबे आहेत. निवृत्तीच्या दिवशी भविष्य निर्वाह निधीची रक्कम एकदम हाती येते. त्याच सुमारास मुलगा नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय काढण्याची भाषा करतो, मेहुणा गावाकडच्या जमिनीवर कुक्कुटपालनाची योजना घेऊन येतो, शेजारी भागीदारीचे निमंत्रण देतो. तीस वर्षांची बचत कोठे जावी, याचा निर्णय तेव्हा एखाद्या रविवारी चहाच्या टेबलावर होतो.

मराठी माणूस धोका पत्करत नाही, असे नेहमी म्हटले जाते. अनुभव थोडा निराळा आहे. तो एकतर सारी रक्कम मुदत ठेवीत ठेवतो, नाहीतर ओळखीच्या माणसाच्या शब्दावर सारी एकदम देऊन टाकतो. या दोन टोकांच्या मध्ये एक रस्ता आहे आणि त्याचे नाव पारख. आंधळा विश्वास आणि आंधळे भय, या दोहोंवर तोच एक उतारा आहे. तो रस्ता कसा असतो, हे एका मोठ्या उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल. हे उदाहरण साऱ्या भारताचे आहे. मात्र त्याचा आरंभ विदर्भात होतो आणि त्याच्या एका अवघड वळणावर ग्वाल्हेरचे मराठी संस्थान भेटते.

जमशेदजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. त्या काळी कापडगिरणी म्हटली की मुंबई, असे समीकरण होते. जमशेदजींनी प्रचलित वाट सोडून तीन गोष्टी पाहिल्या. कापूस कोठे पिकतो, कोळसा कोठून येईल आणि कापड कोठे खपेल. वऱ्हाडचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दाराशी आणि मध्य भारताची बाजारपेठ सभोवती, असे उत्तर नागपूरने दिले. एका स्थानिक सावकाराने या दलदलीच्या जमिनीत सोने पुरण्यास नकार दिला होता. पुढे त्यानेच आपली चूक कबूल केली, असे सांगतात. प्रकल्पाची निवड ही अशी प्रश्नांपासून सुरू होते. इतर सर्व जण काय करीत आहेत, हे पाहून ती होत नाही.

१८८२ मध्ये जमशेदजींच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर परिसरात, लोहारा येथे उत्तम लोहखनिज असल्याचे त्यात म्हटले होते. वरोऱ्याचा कोळसा तेथून फार दूर नव्हता. भारतात पोलादाचा कारखाना काढण्याची कल्पना तेव्हापासून त्यांच्या मनात रुजली. परंतु वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीस योग्य ठरला नाही आणि खाणकामाचे सरकारी नियमही फार जाचक होते. जमशेदजींनी कल्पना बाजूस ठेवली, सोडली मात्र नाही. लॉर्ड कर्झन यांच्या राजवटीत १८९९ च्या सुमारास खाणींचे नियम सैल झाले, तेव्हा त्यांनी पुन्हा तोच विषय हाती घेतला. मधल्या सतरा वर्षांत एकही भट्टी उभी राहिली नाही आणि त्यामुळे एकही रुपया बुडाला नाही. योग्य वेळेची वाट पाहणे हाही पारखीचा भाग आहे.

१९०२ मध्ये जमशेदजी अमेरिकेस गेले. तेथील पोलाद उद्योगाचे जाणकार ज्युलियन केनेडी यांनी त्यांना प्रथमच स्पष्ट केले की, कारखाना काढावा की नाही हे नुसते ठरवण्यासाठीच मोठा खर्च करावा लागेल आणि तो खर्च परत येईलच असे नाही. जमशेदजींनी हा खर्च करण्याचे ठरवले. केनेडींच्या शिफारशीवरून चार्ल्स पेज पेरिन या सल्लागार अभियंत्याची नेमणूक झाली आणि पेरिन यांनी सी. एम. वेल्ड या भूवैज्ञानिकास भारतात धाडले.

येथे थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे प्रकल्पावर लाखो रुपये खर्चण्यास माणसे तयार असतात, मात्र तपासणीवर काही हजार खर्चताना त्यांचा हात आखडतो. घर घेताना वकिलाकडून मालकीचे कागद तपासून घेण्याचे पैसे जड वाटतात. दुकानाची जागा घेण्यापूर्वी आठ दिवस त्या रस्त्यावर उभे राहून किती गिऱ्हाईक जाते-येते हे मोजणे कमीपणाचे वाटते. तपासणीवरचा खर्च हा नको त्या प्रकल्पापासून वाचण्याचा विमा आहे. तपासणीचा निष्कर्ष ‘नको’ असा आला, तर तो खर्च वाया गेला असे समजणे हा मोठा गैरसमज आहे. त्याने आपले काम चोख केले, असेच म्हटले पाहिजे.

वेल्ड, जमशेदजींचे पुत्र दोराबजी आणि आप्त शापुरजी सकलातवाला हे १९०४ मध्ये चांदा जिल्ह्याच्या रानात बैलगाडीने हिंडले. पाण्याची इतकी टंचाई असे की, कधी कधी चहासुद्धा सोडावॉटरमध्ये करावा लागे, असे सांगतात. लोहखनिज मिळाले. पण मोठ्या कारखान्यास अनेक दशके पुरेल असा साठा आणि भट्टीस योग्य असा कोळसा यांचा मेळ काही बसेना. वेल्ड यांनी प्रतिकूल मत दिले. ज्या जागेवर जमशेदजींनी दोन दशके मन गुंतवले होते, ती जागा सोडावी लागली. त्याच वर्षी, १९ मे १९०४ रोजी, जमशेदजींचे जर्मनीत निधन झाले. पित्याचे स्वप्न म्हणून चांद्यातच कारखाना उभारावा, असा हट्ट दोराबजींना धरता आला असता. त्यांनी तो धरला नाही. भावनेचा मान राखूनही आकड्यांचे ऐकता येते, याचा हा उत्तम दाखला आहे.

चांद्याची योजना सोडत असल्याचे कळविण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकाऱ्यांची वाट पाहत असताना ते सहज समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा एक भूस्तरीय नकाशा टांगलेला होता. भारतीय भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीवर आधारलेल्या त्या नकाशात दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण होती. ही मंडळी डल्ली-राजहराच्या टेकड्यांवर पोहोचली, तेव्हा पायाखालची जमीन लोखंडासारखी वाजत होती. खनिज अत्यंत कसदार निघाले. येथे सामान्य माणसाने ताबडतोब नारळ फोडला असता. पण जवळपास योग्य कोळसा नव्हता. महानदीच्या काठी, संबळपूरजवळच्या एका जागेचाही विचार झाला. एक गोष्ट उत्कृष्ट आहे एवढ्यावर प्रकल्प उभा राहत नाही. आवश्यक त्या साऱ्या गोष्टी एकत्र येऊन परवडणाऱ्या खर्चात मिळाव्या लागतात.

त्याच वर्षी प्रमथनाथ बोस यांचे एक पत्र टाटांकडे आले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर बोस मयूरभंज संस्थानात काम करीत होते. तेथील गोरुमहिसानीच्या डोंगरात विपुल लोहखनिज असल्याचे त्यांनी कळवले होते. पाहणी झाली. खनिज भरपूर, झरियाच्या कोळसाखाणी आवाक्यात आणि कलकत्त्याचे बंदर जवळ. आता डल्ली-राजहरा आणि मयूरभंज या दोन जागांची तुलना सुरू झाली आणि तौलनिक विचारात मयूरभंज सरस ठरले. कारखान्याच्या नेमक्या जागेसाठी प्रथम सिनी या रेल्वे स्थानकाजवळचे ठिकाण विचारात होते. अखेर सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळचे साकची हे खेडे निवडले गेले, कारण तेथे पाणी भरपूर होते. १९१९ मध्ये त्याच गावाचे जमशेदपूर झाले.

डल्ली-राजहराची पुढची कथाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुमारे अर्धशतकानंतर स्वतंत्र भारताने भिलाईचा पोलाद कारखाना उभारला, तेव्हा त्याला खनिज पुरवले ते याच टेकड्यांनी. म्हणजे १९०४ मध्ये नाकारलेला प्रकल्प वाईट नव्हता. त्या वेळी, त्या भांडवलात, त्या रेल्वेमार्गांवर तो योग्य नव्हता, इतकेच. नाकारलेल्या कल्पनेची नोंद जपून ठेवावी. तिचा दिवस पुढे उगवू शकतो.

जागा ठरली, आता प्रश्न उरला पैशाचा आणि गिऱ्हाइकाचा. सरकारने ठरावीक काळ दरवर्षी २०,००० टन रूळ विकत घेण्याची तयारी दाखवली. त्यासाठी माल दर्जात उतरणे आणि भाव आयात मालाइतका असणे या अटी होत्या. कारखान्याची वीट रचण्याआधी गिऱ्हाईक निश्चित करण्याचा हा शहाणपणा आजही दुर्मिळ आहे. भांडवलासाठी प्रथम लंडनच्या बाजाराचे दार ठोठावले, पण तेथे यश आले नाही. मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्वदेशी चळवळीच्या वातावरणात मुंबईत भाग विक्रीस निघाले. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी १६ लक्ष ३० हजार पौंडांचे भांडवल उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लक्ष पौंडांचे कर्जरोखे निघाले, तेव्हा ती सारी रक्कम ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्याने भरली. २ डिसेंबर १९११ रोजी पहिले लोखंड वाहिले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पोलादाचा पहिला गठ्ठा बाहेर पडला. कल्पनेपासून उत्पादनापर्यंत तीस वर्षे गेली होती. त्यातील प्रत्यक्ष बांधकामाची वर्षे फार थोडी होती.

या कथेत प्रकल्पाच्या परीक्षेचे सारे पेपर आलेले आहेत. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ आणि १९६४ मध्ये भारतीय औद्योगिक विकास बँक स्थापन झाली. अशा संस्था कर्ज देण्यापूर्वी प्रकल्पाकडे ज्या अंगांनी पाहत आल्या, ती थोडक्यात पाच आहेत. माल किंवा सेवा कोणास हवी आहे आणि किती, हे पहिले अंग. ती तयार करण्याचे तंत्र, कच्चा माल, पाणी, वीज व जागा हे दुसरे. पैशाचा ताळमेळ हे तिसरे. प्रकल्प चालवणारी माणसे कशी आहेत, हे चौथे. आणि समाजाला व परिसराला त्यातून काय मिळेल व काय सोसावे लागेल, हे पाचवे. एका पेपरात शंभर गुण मिळाले म्हणून दुसऱ्यातील नापास पुसले जात नाही.

यातील तिसऱ्या पेपरात सुशिक्षित माणसेही चुकतात, म्हणून त्याचे एक साधे गणित मांडणे इष्ट ठरेल. समजा, एका गृहस्थाने १० लाख रुपये एका व्यवसायात घातले. पुढील तीन वर्षे, प्रत्येक वर्षाच्या अखेरीस, ४ लाख रुपये हाती येणार आहेत आणि त्यानंतर यंत्रांची किंमत शून्य होणार आहे. बेरीज १२ लाख होते. म्हणजे २ लाखांचा नफा, असे घरातील सर्वांना वाटते. पण हाच पैसा तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी दरसाल १० टक्के मिळवू शकत असेल, तर निराळे चित्र दिसते. वर्षानंतर मिळणाऱ्या ४ लाखांची आजची किंमत सुमारे ३ लाख ६३ हजार ६०० रुपये आहे. दोन वर्षांनंतरच्या ४ लाखांची सुमारे ३ लाख ३० हजार ६०० आणि तीन वर्षांनंतरच्या ४ लाखांची सुमारे ३ लाख ५०० रुपये. एकूण सुमारे ९ लाख ९४ हजार ७०० रुपये. ज्याला २ लाखांचा नफा समजले, तो आजच्या भावात सुमारे ५ हजारांचा तोटा आहे. शिवाय या तीन वर्षांत स्वतः त्या गृहस्थाने गल्ल्यावर बसून केलेल्या कामाचा पगार हिशोबात धरलेलाच नाही. घरच्या माणसाचे श्रम आणि घरची जागा फुकट धरणे, ही लहान व्यवसायांच्या हिशोबातील सर्वांत जुनी चूक आहे.

हिशोब करून झाल्यावर तो मुद्दाम मोडून पाहावा. विक्री अपेक्षेपेक्षा दहा टक्के कमी झाली तर काय? बांधकामाचा खर्च दहा टक्के वाढला तर काय? परवाना सहा महिने उशिरा आला आणि कर्जाचे व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू झाले, तर काय? या तीनही धक्क्यांत जो प्रकल्प तग धरतो, तो हाती घेण्याजोगा असतो. एकाच धक्क्याने कोलमडणारा प्रकल्प कागदावर कितीही देखणा असला, तरी त्यात फक्त बुडाली तरी संसार उघडा पडणार नाही एवढीच रक्कम घालावी.

येथे एक इशाराही देणे आवश्यक आहे. उत्तम पारख केली म्हणजे संकट येतच नाही, असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या कारखान्याचा मोठा विस्तार चालू असताना पोलादाचे भाव कोसळले. मोठे गिऱ्हाईक असलेल्या जपानात १९२३ मध्ये भूकंप झाला. १९२४ मध्ये पगार देण्यापुरतेही पैसे नाहीत अशी वेळ आली, तेव्हा दोराबजींनी स्वतःची मालमत्ता आणि पत्नीचे दागिने तारण ठेवून इम्पीरियल बँकेकडून कर्ज घेतले. त्याच वर्षी पोलादास संरक्षण देणारा कायदा झाला आणि कारखाना तरला. पारख संकट टाळतेच असे नाही. मात्र ज्याचा पाया तपासून घातलेला आहे, त्याच्यासाठी दागिने गहाण ठेवण्याला अर्थ असतो. न तपासलेल्या प्रकल्पामागे आणखी पैसा घालत राहणे याला धैर्य म्हणता येत नाही. आजवर घातलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून नवा पैसा घालणे, हे बुडत्या होडीत आणखी माणसे बसवण्यासारखे आहे. घातलेला पैसा गेलाच आहे. पुढचा रुपया काय मिळवील, एवढाच प्रश्न उरतो.

सर्वच लाभ रुपयांत मोजता येत नाहीत, हेही खरे. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरीच्या लहान देणग्यांतून पैसा फंड उभा केला आणि १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला. तेथे केवळ काचसामान तयार झाले नाही, काच करणारे कारागीरही तयार झाले. शिक्षणसंस्थेचे मोजमाप याच जातीचे असते. पण रुपयांत मोजता येत नाही म्हणजे मोजूच नये, असा त्याचा अर्थ होत नाही. किती मुले शिकली, किती मध्येच गळाली, किती जण स्वतःच्या पायावर उभे राहिले, हे मोजता येतेच.

आणि येथे हा विषय या शाळेच्या अंगणात येतो. साठ वर्षांपूर्वी ही शाळा हाही एक प्रकल्पच होता. परभाषिक शहरात मराठी मुले किती आहेत, ती कोणत्या वस्त्यांत राहतात, शिक्षक कोठून आणावयाचे, पाठ्यपुस्तके पुण्याहून वेळेवर येतील काय, भाडे कोण भरणार, हे प्रश्न संस्थापकांपुढे होते. ते सोडवल्यामुळेच आज येथे दीपप्रज्वलन झाले. आता हीरक महोत्सवी निधी जमतो आहे. त्यात निवृत्त शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा वाटा आहे आणि आज खाऊच्या पैशांतून पावती फाडणाऱ्या चौथीतील मुलांचाही आहे. या निधीतून भव्य सभागृह बांधावे, प्रयोगशाळा अद्ययावत करावी, कौशल्य प्रशिक्षण सुरू करावे, बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह काढावे, अशा सूचना आल्या आहेत. सूचना करणाऱ्या सर्वांचे प्रेम सारखेच आहे. म्हणूनच प्रत्येक सूचनेला सारखेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

सभागृह वर्षातील किती दिवस वापरले जाईल आणि उरलेल्या दिवसांत त्याची वीज, रंगरंगोटी व राखणदार यांचा खर्च कोण करील? प्रयोगशाळेतील उपकरणे हाताळणारा शिक्षक आहे काय? कौशल्य प्रशिक्षण घेतलेल्या मुलास या शहरात काम मिळेल काय? वसतिगृहात येणारी मुले खरोखर आहेत, की ती केवळ बैठकीत आहेत? आणि या साऱ्यांच्या आधीचा, सर्वांत कठीण प्रश्न असा की, दहा वर्षांनंतर या वर्गांत किती मुले बसलेली असतील? परप्रांतातील मराठी माध्यमाची पटसंख्या हा विषय काढला की सभेत शांतता पसरते. परंतु चांद्याच्या रानात हिंडलेल्या मंडळींनी नको असलेले उत्तर ऐकून घेतले, म्हणूनच साकची सापडले. पटसंख्या घटणार असेल, तर इमारत वाढवून ती वाढणार नाही. इंग्रजी उत्तम शिकवणारी, शहराची भाषा आपलीशी करणारी आणि मराठी जिवंत ठेवणारी शाळा पालकांस हवी असेल, तर निधीचा पहिला रुपया विटांऐवजी शिक्षकांवर खर्च करावा लागेल. हा निष्कर्ष आधीच काढलेला नाही. तो तपासावा, एवढेच सुचवावयाचे आहे. विश्वस्तांनी एखादी लहान समिती नेमावी. तीत बँकेत, अभियांत्रिकीत आणि व्यापारात नाव कमावलेले माजी विद्यार्थी असावेत, तसेच ज्यांची मुले आज पहिलीत आहेत असे पालकही असावेत. सहा महिने पाहणी व्हावी, आसपासच्या वस्त्यांतील घरे मोजली जावीत, ज्या मराठी कुटुंबांनी मुलांना दुसऱ्या शाळेत घातले त्यांच्याही दारी जाऊन कारण विचारले जावे. मगच कुदळ उचलावी.

या वर्गांत गणित शिकताना प्रत्येक विद्यार्थ्याला एक सवय लावली जाते. उत्तर आले की ताळा करून पाहावा. ताळा जुळला नाही, तर वहीवर रेघ मारून उदाहरण पुन्हा सोडवावे. वहीत मारलेल्या रेघेची कोणास लाज वाटत नाही. मोठेपणी, पैशाच्या बाबतीत, हीच सवय सुटते. ज्या माजी विद्यार्थ्यांनी आज शाळेच्या झोळीत मुक्तहस्ते दान टाकले, त्यांनी त्या दानासोबत ही जुनी सवयही शाळेस परत द्यावी आणि हिशोब मागावा. हिशोब मागणारा देणगीदार हा शाळेचा खरा हितचिंतक होय. मागितलेला हिशोब मोकळेपणाने देणारी शाळा पुढील साठ वर्षांच्या विश्वासास पात्र ठरेल.